ही बाजरी कुठल्या जमिनीतली?

डाएटचा कुठलाही चार्ट काढा, व्हॉट्सॲपवर फिरणारा काढा नाहीतर दवाखान्याच्या भिंतीवरचा, बाजरीपुढे आयर्नचा एकच आकडा असतो आणि नाचणीपुढे कॅल्शियमचा एकच. बाजरी राजस्थानातली की नगरकडची, पावसाची की पाण्याखालची, माळरानावरची की काळ्या जमिनीतली, असलं काही त्यात नसतं. मला हे खुपायला लागलं ते लेकीच्या रिपोर्टमुळे. तिचं हिमोग्लोबिन बरंच खाली आलं होतं, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सोबत बाजरी-नाचणी वाढवा म्हणाले. मी वाढवली, लालबागला गिरणीत दळण टाकायला गेले की गव्हाच्या डब्यासोबत बाजरीचा डबा ठरलेला. पण मनात सारखं यायचं की आपण हिला नक्की किती आयर्न देतोय?

मग शोधत बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नवे तक्ते काढले, त्यात १०० ग्रॅम बाजरीत साधारण ६.४ मिलिग्रॅम आयर्न आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच चार्टांवर अजून जुना ८ चा आकडाच चाललाय. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. त्या तक्त्यांसाठी देशाचे सहा विभाग करून वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने तपासले होते, आणि प्रत्येक आकड्याशेजारी अधिक-उणे असं चिन्ह टाकून तो किती खालीवर होतो तेही छापलंय. चार्ट बनवणारे पहिला आकडा उचलतात आणि अधिक-उणे गाळून टाकतात, आणि मला तर आता वाटतं की खरी माहिती त्या गाळलेल्या भागातच आहे.

दाणा भरतो कसा हे आधी नीट समजून घ्यावं लागलं. गहू ओंबीवर आला, फुलोरा झाला की पुढचा महिना-सव्वा महिना दाणा भरायचा. त्या काळात दाण्यात दोन वाटांनी माल येतो. स्टार्च येतो तो मुख्यतः हिरवी पानं रोजच्या उन्हात जी साखर बनवतात त्यातून, आणि प्रोटीनसाठी लागणारा नायट्रोजन बराचसा पानांत आणि काडीत आधीच साठवलेला असतो, पानं पिवळी पडायला लागली की तो उचलून दाण्यात नेला जातो. झिंक आणि आयर्नचाही काही भाग असाच पानांतून येतो. म्हणजे त्या महिनाभरात ऊन किती पडलं, मुळाशी ओल किती होती, जमिनीत नायट्रोजन किती उरला होता, यावर दाण्यातलं प्रमाण ठरतं. शेवटच्या टप्प्यात पाणी तुटलं किंवा गरमी वाढली की दाणा लवकर पिकतो, त्यात फटका जास्त बसतो तो स्टार्चला, दाणा बारीक राहतो आणि प्रोटीनचा टक्का वर जातो. उलट पाणी भरपूर, थंडी लांबलेली, पण खताचा शेवटचा हप्ता चुकलेला, असं असेल तर दाणा टपोरा दिसतो आणि प्रोटीन विरळ होतं. एकाच वाणाचा गहू एका रानात ९ टक्क्यांवर आणि दुसऱ्या रानात १३ टक्क्यांवर येऊ शकतो, आणि आपण दुकानात विचारतो काय तर "लोकवन आहे का सिहोर?"

लोकवन हे वाण गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालं, आज ते गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि आपल्याकडेही पिकतं. मध्य प्रदेशातल्या सिहोरचा शरबती गहू काळ्या जमिनीत, पुष्कळदा एखाद-दुसऱ्या पाण्यावर किंवा नुसत्या ओलीवर येतो, त्याची गोडी आणि त्याची मऊ पोळी या दोन्हींमागे ती जमीन आणि ती थंडी आहे. तेच बी नेऊन कालव्याच्या पाण्याखाली भरपूर भिजवलं तर पोत्यावर नाव तेच राहील पण आतला दाणा तो राहणार नाही.

हे घरी बघता येतं. मी पोळपाटावर बन्सी गव्हाचे मूठभर दाणे घेतले आणि ब्लेडने आडवे कापले. काही दाणे आतून कडक, पिवळसर, थोडे आरपार दिसणारे निघाले, ब्लेड लावला की टचकन आवाज करून तुटणारे. काही दाणे आतून खडूसारखे पांढरे, ब्लेडखाली भुगा होणारे. आणि काही अर्धे-अर्धे, एका बाजूला पिवळे आणि पोटाशी पांढरा डाग. हा पांढरा डाग बऱ्याचदा दाणा भरताना नायट्रोजन कमी पडल्याची खूण असते, आतलं प्रोटीनचं जाळं विरळ राहतं, स्टार्चच्या कणांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि त्यामुळे तो भाग पांढरा दिसतो. एकाच पिशवीतले दाणे, एकाच भावाचे, आणि आत इतका फरक. गिरणीवाल्या काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "ताई, हे आम्हाला जात्यावर कळतं, कडक दाण्याचा रवा पडतो आणि पांढऱ्याचं पीठ उडतं." त्यांचं बरोबर आहे, शेवयांना आणि रव्याला कडक बन्सीच का लागतो ते याच्यातच आलं.

२०२२ चा मार्च आठवतोय का? १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यात गरम मार्च होता तो. पंजाब-हरियाणात गहू नेमका दाणा भरण्याच्या टप्प्यात होता, दाणे भरलेच नाहीत, चिरमुटले. सरकारी खरेदीत अशा चिरमुटलेल्या दाण्याची मर्यादा ६ टक्के असते, ती त्या वर्षी १८ पर्यंत वाढवावी लागली, आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. आता कुणी म्हणेल की दाणा बारीक झाला तर प्रोटीनचा टक्का वाढला ना, मग चांगलंच की. पण टक्का वाढला तो स्टार्च घटल्यामुळे, एकूण प्रोटीन काही वाढलेलं नसतं, एकरी बघितलं तर ते कमीच भरतं, शिवाय अशा दाण्यात साल जास्त आणि पीठ कमी.

आमची ज्वारी मंगळवेढ्याकडून येते, मामांच्या रानातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथे लोक प्रामुख्याने मालदांडी पेरतात, मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं ३५-१ हे वाण. मामांना विचारलं की तुमच्या ज्वारीत असं काय आहे तर म्हणाले, "अगं, हस्त चांगला झाला की बास, रानाच्या पोटात ओल राहती, तेवढ्यावर पीक निघतं. वरनं पाणी नको आणि पाऊस तर नकोच नको." हे मला फार मोलाचं वाटलं. तिकडची जमीन खोल काळी, ती ओल धरून ठेवते, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, ज्वारी पोटऱ्यात येते, निसवते, हुरड्यात येते ती सगळी कोरड्या थंड हवेत. त्यामुळे दाणा पांढराशुभ्र, मोत्यासारखा म्हणतात तसा. तीच ज्वारी खरिपात घेतली आणि कणीस पक्व होताना पाऊस लागला की दाण्यावर बुरशी धरते, दाणा काळा पडतो, भाकरी कडवट लागते, आणि त्यातल्या काही बुरशी विषारी द्रव्यंही तयार करतात. खरिपाची ज्वारी बाजारात स्वस्त मिळते त्यामागे हे मोठं कारण आहे. पावसाचे चार-आठ दिवस चुकीच्या वेळी आले एवढ्यावरून तो दाणा माणसाच्या ताटात जाणार की जनावराच्या, हे ठरतं.

आता एक अवघड गोष्ट लिहिते. त्या काळ्या जमिनीवर माझं प्रेम आहे, पण तिच्यात चुनखडी असते आणि सामू (पीएच) आठच्या वर जातो, आणि अशा जमिनीत झिंक आणि आयर्न असलं तरी मुळांना सहज मिळत नाही, मातीलाच धरून राहतं. म्हणजे शुभ्र दाणा, टम्म फुगणारी भाकरी, पिठाला उत्तम विरी म्हणजे चिकटपणा, आणि तरी त्यात झिंक कमी असू शकतं. चव आणि पोषण प्रत्येक वेळी बरोबरीने चालत नाहीत हे मान्य करायला मला जड गेलं. देशभरातल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नमुने झिंकला कमी आहेत. भातात झिंकची कमतरता शेतावर पहिल्यांदा ओळखली गेली ती आपल्याच देशात, पंतनगरला, १९६० च्या दशकात डॉ. य. ल. नेने यांनी. भाताच्या पानांवर तांबूस ठिपके यायचे, सगळ्यांना रोग वाटायचा, आणि झिंक सल्फेट दिल्यावर पीक सावरलं. पुढे तुर्कस्तानात गव्हावर याचंच फार मोठं काम झालं. त्यातून कळलेली एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला सांगावीशी वाटते, ती अशी की झिंक जमिनीत टाकलं तर बहुतेक वेळा उत्पन्न सुधारतं, पण दाण्यातलं झिंक वाढवायचं असेल तर फुलोऱ्याच्या पुढे-मागे, दाणा चिकात असताना पानांवर झिंक सल्फेटची अर्धा टक्क्याची फवारणी जास्त कामाची ठरते. आणि फॉस्फेटची खतं गरजेपेक्षा जास्त झाली की उलटं होतं, मुळांशी राहणारी उपयोगी बुरशी कमी होते आणि झिंक शोषणं मंदावतं.

नुसती माती कसदार असली म्हणजे झालं, असंही नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे, तिथे एका शेतात १८४३ पासून आजपर्यंत गहू पेरला जातोय आणि दरवर्षीचे दाणे आणि माती जपून ठेवली जाते. पावणेदोनशे वर्षांचे दाणे! ते तपासल्यावर दिसलं की साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झिंक, आयर्न, कॉपर, मॅग्नेशियम जवळपास स्थिर होतं आणि त्यानंतर घसरलं. माती तपासली तर मातीत घट नव्हती. बदललं होतं ते वाण, बुटकं आणि भरपूर उत्पन्न देणारं गव्हाचं वाण आलं होतं, दाणे वाढले आणि तेवढंच खनिज जास्त दाण्यांत वाटलं गेलं. हरितक्रांतीला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, त्या गव्हाने कोट्यवधी पोटं भरली आणि माझ्या आईच्या पिढीने रेशनच्या रांगा बघितल्यात, तिच्यासमोर मी असं बोलूच शकत नाही. पण पोट भरल्यावर पुढचा प्रश्न विचारायला आपण पन्नास वर्षं लावली, हे मात्र मला टोचतं.

आणि जमीन जास्तही देऊ शकते. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस भराभर गळायला लागले, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं असेल. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले, तिथे गेले, नमुने घेतले, आणि त्यांनी मांडलं की बाहेरून आलेल्या गव्हातलं सेलेनियम स्थानिक गव्हाच्या कित्येक पट आहे आणि रुग्णांच्या शरीरातही ते वाढलेलं आहे. त्यांचा निष्कर्ष गव्हाकडे बोट दाखवणारा होता. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या पट्ट्यात शिवालिकच्या डोंगरांतून वाहून आलेल्या मातीत सेलेनियम जास्त आहे हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. तिकडे चीनमध्ये केशान भागात १९३० च्या दशकात हृदयाचा एक आजार समोर आला, त्याचा संबंध नंतर जमिनीत सेलेनियम फारच कमी असण्याशी लागला. आणि फिनलंडने तर १९८४ मध्ये ठरवून टाकलं की देशातल्या खतांतच सेलेनियम मिसळायचं, आणि लोकांच्या रक्तातलं प्रमाण खरोखर वर आलं. गहू दिसायला तिन्हीकडे गहूच.

हे सगळं वाचताना मला आपल्या मुंबईचा विचार करावासा वाटला. आपण कुणा एका जमिनीचं खात नाही. गहू मध्य प्रदेशचा, रेशनचा पंजाबचा, तांदूळ कधी छत्तीसगडचा कधी आंध्रचा, कोलम आणखी कुठला, नाचणी कोकणातली, बाजरी नगर-नाशिककडची किंवा राजस्थानची. वाशीच्या मार्केटात पोती उतरतात, मिसळतात, आणि आमच्या डब्यात येईपर्यंत दहा जमिनी एक झालेल्या असतात. यात एक मोठा बचाव आहे, एका जमिनीत काही कमी पडलं तर दुसरी भरून काढते, एकीत काही जास्त असलं तर ते पातळ होतं. हा बचाव वर्षभर स्वतःच्याच रानातलं खाणाऱ्याला नाही. इथिओपिया आणि मलावीत धान्याचे हजारो नमुने तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं, एकाच देशात जागा बदलली की दाण्यातलं सेलेनियम आणि झिंक खूप बदलतं, आणि खेड्यातलं कुटुंब आपल्याच आसपासचं पिकलेलं खात असल्यामुळे तिथली कमतरता थेट त्यांच्या शरीरात उतरते. म्हणून "आपलं लोकल तेच चांगलं" असं सरसकट म्हणवत नाही मला.

(आंबेमोहोराचं मात्र वेगळं. भाताचा वास दाणा भरताना रात्री थंड असल्या तर जास्त टिकतो, मावळातला, डोंगराच्या पायथ्याचा आंबेमोहोर शिजायला ठेवला की आमच्या मजल्यावर कळतं. याचा पोषणाशी संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.)

जमीन सुधारता येते, वाण बदलता येतं, पण हवेचं काय करायचं? १९५८ मध्ये हवाई बेटावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ३१५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३१५ भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उघड्या शेतात, पिकांभोवती नळ्या लावून, हवेतला कार्बन डायऑक्साइड ५५० च्या आसपास नेऊन पिकं घेतली होती. गव्हातलं झिंक सुमारे ९ टक्के घटलं, आयर्न ५ टक्के, प्रोटीन ६ टक्के. तांदळातलं प्रोटीन जवळपास ८ टक्के. २०१८ मध्ये चीन आणि जपानमध्ये तांदळाच्या १८ वाणांवर असंच काम झालं, त्यातल्या काही वाणांत बी-१ हे जीवनसत्त्व सरासरी १७ टक्क्यांनी आणि फोलेट ३० टक्क्यांनी कमी निघालं. झाडाला कार्बन जास्त मिळतो म्हणून ते स्टार्च जास्त बनवतं, शिवाय पानांची छिद्रं थोडी मिटतात, पाणी कमी ओढलं जातं आणि त्याबरोबर येणारी खनिजंही कमी येतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे, पूर्ण उलगडा अजून व्हायचाय. मी हे वाचून बराच वेळ अस्वस्थ होते, कारण कोकणातल्या माझ्या सासरच्या घरात दोन्ही वेळा भात असतो आणि तिथल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं हे काही नवीन नाही.

यात दिलासा देणारी गोष्ट एकच, आणि ती आपल्या घरातलीच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही सगळी पिकं हवेतला कार्बन वेगळ्या, जास्त कार्यक्षम पद्धतीने घेतात, त्यांच्या पानात तो आधीच गोळा केला जातो. त्यामुळे हवेत तो वाढला तरी त्यांच्या दाण्यावर गहू-तांदळाइतका परिणाम होत नाही, मका-ज्वारीवरच्या प्रयोगांत झिंक-आयर्नची घट फार थोडी दिसली. आजी-पणजीने खाल्लं म्हणून भाकरी खा, असं मी लेकीला कधी सांगितलं नाही, पण आता हे कारण मी तिला नीट समजावून सांगते आणि तिला ते पटतं.

चांगलं काम आपल्याकडेही चाललंय. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी मिळून २०१२ मध्ये धनशक्ती ही जास्त आयर्नची बाजरी आणली. २०१८ पासून तर बाजरीचं नवं वाण मान्य व्हायला किलोला किमान ४२ मिलिग्रॅम आयर्न आणि ३२ मिलिग्रॅम झिंक असावं लागतं, ही अट मला फार आवडली. पुण्याच्या आघारकर संस्थेने कोरडवाहू रानासाठी एमएसीएस ४०२८ हा बन्सी जातीचा गहू दिला, प्रोटीन साडेचौदा टक्क्यांच्या वर. पण वाण कितीही चांगलं असलं तरी जमिनीत झिंक मिळालंच नाही तर दाण्यात कुठून येणार. आणि घरापर्यंत आलेलं आपणच किती घालवतो हेही आहे, तांदूळ पांढराशुभ्र पॉलिश केलेला हवा, कणकेतला कोंडा चाळून टाकायचा, त्या कोंड्याच्या थरातच खनिजं सगळ्यात जास्त असतात. मी चाळणं बंद केलंय.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागतं ते पैशाचं. कॅनडात, ऑस्ट्रेलियात शेतकऱ्याला गव्हाच्या प्रोटीनप्रमाणे भाव मिळतो, दाणे मशीनमध्ये टाकले की मिनिटभरात टक्का कळतो. आपल्या सरकारी खरेदीत ओलावा बघतात, काडीकचरा बघतात, चिरमुटलेला आणि तुटका दाणा बघतात, प्रोटीनचा रकानाच नाही, झिंकचा तर प्रश्नच नाही. मग ९ टक्केवाल्यालाही तोच हमीभाव आणि १३ टक्केवाल्यालाही तोच. मामांना मी झिंकच्या फवारणीचं सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "करीन की, पण अडत्याला दाखवू काय? दाण्यावर दिसतंय थोडंच?"

म्हणून यंदा असं ठरवलंय की फवारणीचा खर्च ज्वारीच्या भावाशिवाय वेगळा द्यायचा. आमच्या बिल्डिंगमधली आणखी काही घरं तयार झालीत, दरवर्षी तेही मामांकडूनच ज्वारी घेतात. मामा रानाचा अर्धा पट्टा फवारणार आणि अर्धा तसाच ठेवणार, दोन्हीची रास खळ्यावर वेगळी करणार, पोत्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधून पाठवणार. धान्य आलं की दोन्हीतली किलो-किलो ज्वारी मी लॅबला देणार आहे, झिंक आणि आयर्न दोन्ही तपासायला, आणि रिपोर्टचा फोटो पहिला मामांना पाठवणार.